अर्थिंग

गावाकडची लाल वायर इथे लाल नसते,
आधी ते विसरा.
तपकिरी, ती जिवंत. निळी, परतीची.
हिरवीवर पिवळा पट्टा, ती जमिनीची.
अजमानच्या नव्या सनैयात,
टायरवाला आणि बर्फाचा कारखाना
यांच्या मधल्या शाळेत
शनिवारी दुपारी मी एवढंच शिकवतो.
फळ्यावर आठवड्याचं इंग्रजी व्याकरण तसंच असतं :
नाम, सर्वनाम, क्रियापद.
मी पुसत नाही.
कोपऱ्यात उरलेल्या जागेत
प्लगचे तीन पाय काढतो.

अकरा मुलं, साडेआठ पकडी.
(नववीचा एक जबडा तुटलाय.)
पाण्याच्या टँकरवाल्याची झरमिना,
इस्त्रीच्या दुकानातला बिबेक,
आणि शिबिन, ज्याचा बाप दिवसभर
बसच्या पोटाखाली उताणा असतो.
सगळ्यांची फी थकलेली.
लीलाम्मा बाई म्हणाल्या होत्या, "परकार,
प्रयोगशाळेला पैसे नाहीत,
पण तुमच्याकडे भंगार आहे ना?"
होतं. भंगार तेवढं भरपूर होतं.

मी दहावीला गणितात गचकलो तेव्हा
आई शेजारणीला सांगायची,
हा आता आयटीआयला असतो,
असा आवाज खाली घेऊन
की जणू तुरुंगात असतो.

झरमिना तार सोलताना
जीभ दातांत धरते.
तांबं दिसल्यावर दचकते :
आत हे असतं? एवढं उजळ?
हो बाय. बाहेरचं नुसतं प्लास्टिक.

सर, जमिनीची वायर जाते कुठे?
खड्ड्यात.
आमच्याकडे जांभ्याखाली गेलं की ओल लागते.
इथली वाळू कोरडी, ती वीज घेत नाही.
म्हणून खड्डा खोल घ्यायचा,
कोळसा घालायचा, मीठ घालायचं
आणि दर आठवड्याला बादलीभर पाणी.
विसरलात तर ती जमीन, जमीन राहत नाही.
बिबेक लिहून घेतो : मीठ. कोळसा. पाणी.
मग विचारतो, दर आठवड्याला? कायमचं?
त्याचा व्हिसा मार्चपर्यंत आहे.

तिसऱ्या शनिवारी शिबिनचा बाप आला, कुंजुमोन,
ग्रीसच्या कपड्यांतच.
"मी पाना धरतो
तो ह्याच्या हातात येऊ नये म्हणून.
फी भरतो ती पेनाची."
भरत नव्हता खरं तर.
पण वाक्य खोटं नव्हतं.
मी गप्प राहिलो. माझा मुलगा
खेडला कॉमर्सला आहे,
आणि मला त्याचं बरं वाटतं.

त्यानं बाकावरचा शिबिनचा जोड उचलला,
नखानं कथील खरवडलं,
खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.
"गरम कमी पडलंय.
आधी तांबं तापव रे,
कथील मग आपणहून धावतं.
तू वरून थापतोस."
एवढं बोलल्यावर त्याला आठवलं
की आपण रागावलोय.
पोराचा दंड धरून निघून गेला.

पुढच्या शनिवारी शिबिन आला नाही.
बाप आला.
आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून,
तरी नखांत काळं.
खिशातून चौघडी कागद काढला :
नव्या बसच्या वायरिंगचा नकाशा,
मुंग्यांएवढी इंग्रजी अक्षरं,
शंभर तरी रेघा.
"बावीस वर्षं हातानं ओळखत आलो.
आता गाड्या हाताशी बोलत नाहीत."
मागच्या बाकावर बसला. गुडघे मावेनात,
तेव्हा ते बाहेर काढून तिरका बसला.

पोरं हसली नाहीत. झरमिनानं
न बघताच आपली पेन्सिल त्याच्याकडे सरकवली.
मी डब्यात तपकिरी खडू शोधला.
नव्हता.
लाल घेतला, म्हटलं,
आज ही तपकिरी आहे असं समजा.